स्पर्धेची रचना आणि संघाचे भवितव्य : रोव्हर्स चषक ते बालेवाडी (१८९१ ते २०२२)

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, कामशेतच्या परिसरात, वडिवळे हे गाव आहे. मुंबई आणि पुणे यांना जोडणारा लोहमार्ग व महामार्ग याच मुलखातून जातात. इ. स. २०२२ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत या मार्गाच्या दोन टोकांना, म्हणजे एकीकडे पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आणि दुसरीकडे मुंबई व नवी मुंबईच्या मैदानांवर, महिलांची आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा खेळली गेली. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे आशियातील उत्तम महिला संघ मावळाच्या उंबरठ्यावर येऊनही येथील शाळकरी खेळाडूंना ते सामने मैदानावर बसून पाहता आले नाहीत. तथापि या स्पर्धेने एक प्रश्न असा मागे ठेवला, की त्याचा संबंध वडिवळ्यासारख्या गावातील मुलीशी थेट पोहोचतो. तो प्रश्न म्हणजे, स्पर्धेत एखाद्या संघाला किती वेळा हरण्याची मुभा असावी?

कोणता संघ बलवान याचा निर्णय मैदानावर होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. किती संघांना प्रवेश द्यावयाचा, त्यांचे गट कसे पाडावयाचे, एका पराभवाने संघ बाद करावयाचा की त्याला पुन्हा संधी द्यावयाची, बरोबरी झाल्यास वरचढ कोण हे कशावरून ठरवावयाचे, हे सारे सामना सुरू होण्यापूर्वी आणि मैदानाबाहेर ठरलेले असते. हे नियम पात्रतेवर परिणाम करतात आणि प्रत्यक्ष खेळाची रीतही बदलतात. प्रस्तुत लेखात भारताच्या, आणि विशेषतः महाराष्ट्राच्या, फुटबॉल इतिहासातील काही प्रसंगांच्या आधारे या परिणामांचा विचार केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ज्या रचनेत हरलेला संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जातो तिला ‘बाद पद्धत’ म्हणतात. ज्या रचनेत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो आणि गुणांवरून क्रम लागतो ती ‘साखळी पद्धत’ होय. आधुनिक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रथम लहान गटांत साखळी सामने आणि नंतर बाद फेरी, असा दोहोंचा संयोग आढळतो.

२. मावळातील चढाओढीची जुनी रूपे

बाद पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे, की स्पर्धा म्हटली म्हणजे तीच डोळ्यांसमोर येते. परंतु मावळ आणि त्याच्या आसपासच्या मुलखात चढाओढीची जी जुनी रूपे होती त्यांत हा विचार मुख्य नव्हता. गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड हे त्याचे पहिले उदाहरण होय. तेथे पंचमंडळी वय, वजन आणि तयारी पाहून जोड लावतात, प्रत्येक कुस्तीचे इनाम स्वतंत्र असते आणि लहान मुलांच्या कुस्त्यांपासून चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत फड रंगत जातो. एक कुस्ती हरलेला मल्ल कोणत्याही तक्त्यातून खोडला जात नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या फडात तो पुन्हा उभा राहू शकतो.

दुसरे उदाहरण बैलगाडा शर्यतींचे. पुणे जिल्ह्यातील घाटांत प्रत्येक गाडा स्वतंत्रपणे धावतो आणि त्याला लागलेल्या सेकंदांवरून त्याचा क्रमांक ठरतो. येथे गाड्याची गाठ काळाशी असते. प्रतिस्पर्धी कोण मिळाला, यावर निकाल अवलंबून राहत नाही. या दोन्ही रूपांत चिठ्ठी कोणाविरुद्ध निघाली या योगायोगाला फारसे स्थान नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. योगायोगाला निर्णायक महत्त्व देणारी रचना बाहेरून आली आणि ती मुख्यतः लष्करी पलटणींच्या खेळांबरोबर आली.

३. बाद पद्धतीचे आगमन

इंग्लंडमध्ये फुटबॉलची चषक स्पर्धा १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाली. साखळी स्पर्धा मात्र १८८८ मध्ये अस्तित्वात आली. भारतात जे प्रथम रुजले ते चषक स्पर्धेचे रूप होय. १८८८ मध्ये सिमला येथे ड्युरँड चषक, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक आणि १८९३ मध्ये कलकत्त्यात आयएफए शील्ड, अशा तीन प्रमुख स्पर्धा पाच वर्षांच्या अवधीत सुरू झाल्या. रोव्हर्स चषकाचे पहिले विजेतेपद वूस्टर रेजिमेंटने मिळविले आणि पुढील कित्येक वर्षे या चषकावर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व राहिले. दूरदूरच्या छावण्यांतून ठरावीक रजेवर येणाऱ्या पलटणींना बाद पद्धत सोयीची होती, कारण तिच्यात सामने कमी होतात, हरलेला संघ लगेच परत जाऊ शकतो आणि निकाल थोड्या दिवसांत लागतो. ही सोय लष्कराची होती. नवशिक्या भारतीय संघांची गरज वेगळी होती.

बाद पद्धतीचा एक गुण येथे मान्य केला पाहिजे. दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाला ती एका दिवसाच्या पराक्रमाची संधी देते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी असलेल्या या संघाचा विजय राष्ट्रीय अस्मितेच्या इतिहासात नोंदला गेला. परंतु सातत्याचा पुरावा साखळीतूनच मिळाला. १९३४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता साखळीचे विजेतेपद मिळविले आणि ते १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे राखले. पहिल्या घटनेने भारतीय संघ जिंकू शकतो हे दाखविले, दुसरीने तो आठवड्यामागून आठवडे श्रेष्ठ राहू शकतो हे सिद्ध केले.

मुंबईत हा प्रवास अधिक संथ झाला. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्स चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, परंतु डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ असा पराभूत झाला. भारतीय संघाने हा चषक प्रथम जिंकला तो १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या रूपाने, म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यानंतर ४६ वर्षांनी. स्वातंत्र्योत्तर काळात हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो मिळविला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे महत्त्व वाढले, जुन्या चषकांचे तेज ओसरले आणि २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स चषक बंद पडला.

महाराष्ट्रात या दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे केंद्र म्हणून कोल्हापूरचा उल्लेख आवश्यक आहे. तेथील पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींच्या नावाने फुटबॉल संघ उभे राहिले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळीने शाहू स्टेडियमवर हंगामाचा आरंभ होतो आणि त्यानंतर निरनिराळ्या मंडळांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा रंगतात. पेठेतील ईर्षा बाद फेरीत पेटते, पण संघ घडतो तो साखळीत. कोल्हापूरची ही घडी इतर जिल्ह्यांना अनुकरणीय ठरावी अशी आहे.

४. मेलबर्न आणि रोम : एकाच देशाचे दोन निकाल

रचनेचा निकालावर किती परिणाम होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण भारताच्या ऑलिंपिक कामगिरीत सापडते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने १०-१ असा दणदणीत पराभव केला व पुन्हा एकाच सामन्यानंतर संघ मायदेशी परतला. या दोन्ही स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या. एवढ्या लांबच्या प्रवासाअंती भारतीय खेळाडूंना प्रत्येकी एकाच सामन्याचा अनुभव मिळाला.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्येही पद्धत तीच होती, परंतु या वेळी योगायोग भारताच्या बाजूने होता. अनेक देशांनी माघार घेतल्याने केवळ ११ संघ उरले. भारताचा नियोजित प्रतिस्पर्धी हंगेरी आला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. उपान्त्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्यानंतर युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव झाला. तीन सामने, एक विजय, पाच गोल केले, नऊ स्वीकारले आणि क्रमांक चौथा.

चार वर्षांनी रोम येथे रचना बदलली. १६ संघांचे चार गट करण्यात आले आणि प्रत्येक गटातील केवळ पहिला संघ उपान्त्य फेरीत जाणार होता. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स व पेरू हे संघ होते. भारताने हंगेरीला १-२ पर्यंत झुंजविले, फ्रान्सशी १-१ बरोबरी साधली आणि पेरूकडून १-३ असा पराभव पत्करला. एकूण तीन गोल केले, सहा स्वीकारले. गटात क्रमांक शेवटचा.

या दोन निकालांची तुलना केली असता काय दिसते? मेलबर्नचा चौथा क्रमांक भारतीय फुटबॉलचा परमोच्च बिंदू मानला जातो आणि रोमची नोंद क्वचितच केली जाते. परंतु हंगेरी व फ्रान्स या मातब्बर संघांशी एका गोलाचा फरक किंवा बरोबरी, ही कामगिरी खेळाच्या दर्जाच्या दृष्टीने मेलबर्नपेक्षा कमी नव्हती. नेव्हिल डिसूझा यांच्या पराक्रमाचे मोल यामुळे यत्किंचितही कमी होत नाही. एवढेच म्हणावयाचे आहे, की ‘चौथा’ आणि ‘गटात शेवटचा’ या दोन शब्दांत संघाच्या बळाबरोबर तक्त्याच्या मांडणीचाही वाटा आहे. इतिहासलेखनात क्रमांक उद्धृत करताना त्यामागील रचना सांगितली नाही तर निष्कर्ष चुकतात.

माघारीने मिळालेल्या पात्रतेची आणखी दोन उदाहरणे आहेत. १९५० च्या विश्वचषकासाठी भारताच्या गटातील ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्याने भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला, परंतु ब्राझीलला गेला नाही. १९६४ च्या आशियाई चषकासाठीही पात्रता फेरीत प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीमुळे प्रवेश मिळाला. मात्र इस्रायलमध्ये झालेली अंतिम स्पर्धा चार संघांच्या साखळीची होती. तेथे भारताने दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरविले, इस्रायलकडून ०-२ असा पराभव पत्करला आणि दुसरा क्रमांक मिळविला. प्रवेश योगायोगाचा होता, परंतु क्रमांक तीन पूर्ण सामन्यांतून आला होता.

५. गट-साखळी आणि तिच्यातील हिशेब

विश्वचषकाच्या इतिहासातही हा बदल घडला आहे. १९३४ व १९३८ या दोन स्पर्धा पूर्णतः बाद पद्धतीने झाल्या. १९३४ मध्ये ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका हे अटलांटिक महासागर ओलांडून इटलीत आलेले संघ एकेका सामन्यानंतर परत गेले. पुढे गट-साखळी स्थिरावली आणि प्रत्येक पात्र संघाला काही सामन्यांची हमी मिळू लागली.

परंतु साखळी पद्धत निर्दोष नाही. तिच्यात पराभवाची मुभा असते, त्याबरोबरच हिशेबालाही जागा असते. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्यात गटाचा शेवटचा सामना झाला. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशी संपले होते. जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी जिंकले तर दोन्ही युरोपीय संघ पुढे जाणार हे सर्वांना ठाऊक होते. जर्मनीने प्रारंभीच गोल केला आणि त्यानंतर दोन्ही संघांनी खेळण्याचा केवळ देखावा केला. जर्मनीला हरविणारा अल्जीरिया गोलफरकावर बाहेर पडला. नियमाचा भंग झाला नव्हता. दोष वेळापत्रकात होता. या प्रकरणानंतर १९८६ च्या विश्वचषकापासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळविण्याचा दंडक आला.

एकाच वेळी सामने ठेवूनही हिशेब पूर्णपणे टळत नाही. २०१८ च्या विश्वचषकात जपान पोलंडविरुद्ध ०-१ असा पिछाडीवर असताना शेवटची काही मिनिटे चेंडू आपसांत फिरवीत राहिला, कारण दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरत होता. गुण, गोलफरक, एकूण गोल आणि परस्परांतील सामना अशा सर्व कसोट्यांवर हे दोन संघ समान ठरले. पिवळी कार्डे कमी असल्याने जपान पुढे गेला.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण २०१९ च्या आशियाई चषकाचे आहे. ही स्पर्धा प्रथमच २४ संघांची झाली. भारताने थायलंडवर ४-१ असा विजय मिळविला, संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२ असा पराभव पत्करला आणि शेवटच्या सामन्यात बहारीनशी केवळ बरोबरी झाली असती तरी बाद फेरी निश्चित होती. ९० मिनिटे ०-० अशी कोंडी राखण्यात भारताला यश आले. त्यानंतर वाढीव वेळेत मिळालेल्या पेनल्टीवर बहारीनने गोल केला. दुसऱ्या क्रमांकाच्या अगदी जवळ असलेला भारत चौथ्या क्रमांकावर घसरला. ‘बरोबरी पुरेशी आहे’ हे ज्ञान संघाला मागे खेचते आणि मागे सरलेला संघ एका चुकीच्या अंतरावर उभा असतो, हे या सामन्याने दाखविले.

६. बालेवाडी, २०२२

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या महिला आशियाई चषकाकडे पाहणे उद्बोधक ठरते. या स्पर्धेतील संघांची संख्या आठवरून बारा करण्यात आली होती. तीन गट, प्रत्येकी चार संघ, आणि उपान्त्यपूर्व फेरीत प्रत्येक गटातील पहिले दोन व तिसऱ्या क्रमांकाच्या तिघांपैकी दोन संघ, अशी रचना होती. शिवाय हीच स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. विश्वचषकाचा सहयजमान ऑस्ट्रेलिया आधीच पात्र होता व त्याव्यतिरिक्त आशियाला पाच थेट जागा होत्या. अहमदाबाद व भुवनेश्वर ही मूळ ठिकाणे साथीच्या काळातील प्रवास टाळण्यासाठी बदलण्यात आली आणि त्यामुळे बालेवाडीची वर्णी लागली.

भारत यजमान म्हणून थेट पात्र होता. २० जानेवारी रोजी नवी मुंबईत इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ जानेवारी रोजी चायनीज तैपेईशी सामना होता, परंतु भारतीय चमूत करोनाची लागण झाली आणि नियमाप्रमाणे आवश्यक असलेले किमान १३ खेळाडू उभे करता आले नाहीत. भारताने माघार घेतल्याचे मानण्यात आले व इराणविरुद्धचा सामनाही रद्द ठरला. हरल्याशिवाय, आणि तक्त्यात एकही सामना न उरता, यजमान संघ स्पर्धेतून नाहीसा झाला.

आता एका गटात तीनच संघ राहिले. तिसऱ्या क्रमांकांची तुलना न्याय्य व्हावी म्हणून इतर दोन गटांतील चौथ्या क्रमांकाच्या संघांविरुद्धचे निकाल वगळण्यात आले. त्यामुळे थायलंडने इंडोनेशियावर मिळविलेला ४-० असा विजय आणि व्हिएतनामची म्यानमारशी झालेली २-२ बरोबरी या तुलनेत धरली गेली नाही. तिन्ही संघांचे गुण शून्य झाले. गोलफरक थायलंडचा उणे दोन, व्हिएतनामचा उणे सहा आणि इराणचा उणे बारा. पहिले दोन पुढे गेले. वगळलेले सामने धरले असते तरी क्रम हाच राहिला असता, हे येथे नमूद केले पाहिजे. नियम विचित्र दिसला, पण अन्याय झाला नाही.

व्हिएतनामची पुढील वाटचाल विशेष लक्षणीय आहे. या संघाने २१ जानेवारी रोजी बालेवाडीत दक्षिण कोरियाकडून ०-३ असा पराभव पत्करला होता. नंतर जपानकडूनही ०-३ अशीच हार झाली. उपान्त्यपूर्व फेरीत चीनने ३-१ असे हरविले. तथापि उपान्त्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाही हरल्यामुळे उरलेली पाचवी जागा अन्य तीन पराभूत संघांच्या छोट्या साखळीतून ठरवावयाची होती. तीत व्हिएतनामने थायलंडला २-० व चायनीज तैपेईला २-१ असे हरवून विश्वचषकात प्रथमच प्रवेश मिळविला. सहा सामने, तीन पराभव, एक बरोबरी, दोन विजय. शुद्ध बाद पद्धतीत हा संघ पहिल्याच दिवशी बालेवाडीहून परतला असता.

ऑस्ट्रेलियाचे चित्र याच्या नेमके उलट होते. गटातील तिन्ही सामने जिंकून व २४ गोल करून हा संघ ३० जानेवारी रोजी बालेवाडीत दक्षिण कोरियासमोर उभा राहिला आणि सामना संपण्यास थोडाच अवधी असताना झालेल्या एका गोलाने बाद झाला. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, गटात ऑस्ट्रेलियाकडून ०-४ असा हरलेला फिलिपाइन्स चायनीज तैपेईवर टायब्रेकरमध्ये मात करून विश्वचषकाला प्रथमच पात्र ठरला. पुढे २०२३ च्या विश्वचषकात फिलिपाइन्सने सहयजमान न्यूझीलंडला १-० असे हरविले. व्हिएतनामला तेथे तिन्ही सामन्यांत पराभव पत्करावा लागला.

संघसंख्या वाढविण्याची किंमतही या स्पर्धेत दिसून आली. ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा १८-० असा पराभव केला. अशा सामन्यातून जिंकणाऱ्याला काही शिकावयास मिळत नाही आणि हरणाऱ्याला फारसे काही साधता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. परंतु याच विस्तारामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या संघांना उपान्त्यपूर्व फेरीचे दार उघडले व व्हिएतनामला ते ओलांडता आले. रचनेचा लाभ व तोटा एकाच नियमातून आला.

७. तालुका पातळीवरील अर्थ

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ज्या चुका दुरुस्त होण्यास काही दशके लागली, त्या शालेय पातळीवर अद्याप कायम आहेत. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी, १४, १७ व १९ वर्षांखालील वयोगटांत होतात. मैदान, पंच व दिवस यांच्या मर्यादेमुळे सांघिक खेळांचे सामने बहुतांशी बाद पद्धतीने घेतले जातात. यातील गणित साधे आहे. बाद पद्धतीत १६ संघांचे १५ सामने होतात आणि त्यांतील आठ संघ, म्हणजे निम्मे, एकच सामना खेळून परततात. सरावाला मैदान नाही, वर्षात दुसरी स्पर्धा नाही, अशा ग्रामीण शाळेच्या संघासाठी हा एक सामना म्हणजे संपूर्ण हंगाम असतो. चिठ्ठीत पहिलाच प्रतिस्पर्धी शहरातील तयार संघ निघाला, तर तोही अर्ध्या तासात संपतो.

संपूर्ण साखळी हा यावरील उपाय नव्हे. १६ संघांच्या साखळीस १२० सामने लागतील आणि ते कोणत्याही तालुक्याला झेपणार नाहीत. परंतु मधला मार्ग उपलब्ध आहे. बारा संघ असल्यास बाद पद्धतीत ११ सामने होतात. त्याच बारा संघांचे तीन-तीनचे चार गट केले तर गटांचे १२, उपान्त्य फेरीचे दोन व अंतिम एक, असे १५ सामने होतात. म्हणजे केवळ चार सामने वाढवून प्रत्येक संघाला किमान दोन सामन्यांची हमी देता येते. तीन संघांच्या गटात अखेरच्या सामन्याच्या वेळी एक संघ बाहेर बसलेला असतो व संगनमताला वाव राहतो, हा खिखोनचा धडा विसरता कामा नये. याच शंकेपोटी २०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघांचे तीन-तीनचे १६ गट करण्याचा मूळ विचार २०२३ मध्ये सोडून देण्यात आला व चार-चारचे १२ गट ठरले. तथापि तालुका पातळीवर, पहिल्या सामन्यातील पराभूत संघाचा सामना लगेच तिसऱ्या संघाशी ठेवला तर हा धोका बराच कमी होतो.

दुसरा मार्ग पराभूतांच्या फेरीचा आहे. १६ संघांच्या बाद स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या आठ संघांची स्वतंत्र बाद फेरी घेतल्यास सात सामने वाढतात. एकूण सामने २२ होतात आणि प्रत्येक संघ किमान दोनदा मैदानात उतरतो. वेळ अपुरा असल्यास प्राथमिक सामन्यांचा कालावधी कमी करता येतो. अर्ध्या वेळेचे दोन सामने हे पूर्ण वेळेच्या एका सामन्यापेक्षा नवशिक्या संघाला अधिक उपयुक्त ठरतात, कारण पहिल्या सामन्यात झालेली चूक सुधारण्याची संधी दुसऱ्यातच मिळते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, स्पर्धेची रचना तटस्थ नसते. मेलबर्न व रोम येथील भारताचे क्रमांक त्या रचनांपासून वेगळे करून वाचता येत नाहीत. दुसरा, बाद पद्धत आश्चर्याला आणि साखळी पद्धत सातत्याला वाव देते. एकीत योगायोगाचा, तर दुसरीत हिशेबाचा दोष संभवतो आणि कोणतीही रचना दोन्ही दोषांपासून मुक्त नाही. तिसरा, भारतात बाद पद्धत ज्या लष्करी सोयीसाठी रुजली ती सोय केव्हाच संपली असूनही शालेय पातळीवर तिचा वारसा विनाविचार चालू आहे. चौथा, थोड्याच अधिक सामन्यांत प्रत्येक संघाला दुसरी संधी देणे शक्य आहे.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये भारतीय महिला संघाने थायलंडमध्ये झालेल्या पाच संघांच्या साखळीत मंगोलिया, तिमोर-लेस्ते व इराक यांना हरविले आणि ५ जुलै रोजी चिआंग माई येथे यजमान थायलंडवर २-१ असा विजय मिळवून २०२६ च्या आशियाई चषकात स्थान पटकाविले. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत प्रवेश करण्याची भारतीय महिलांची ती पहिलीच वेळ होती. २०२२ मध्ये यजमान म्हणून मिळालेली जागा एका सामन्यानंतर हातची गेली होती. या वेळची जागा चार सामने खेळून मिळविलेली होती. गटातील एकच संघ पुढे जाणार असल्याने तेथे हिशेबाला जागाच उरली नव्हती.

वडिवळे किंवा मावळातील कोणत्याही गावची मुलगी उद्या त्या संघात दिसावयाची असेल, तर तिची पहिली पायरी तालुक्याच्या मैदानावर आहे. तिला चांगली चप्पल-बूट, चांगले मैदान व चांगला प्रशिक्षक मिळावा यासाठी निधी लागेल आणि वेळही लागेल. पहिला सामना हरल्यानंतर तिने त्याच दिवशी दुसरा सामना खेळावा, यासाठी मात्र स्पर्धेचा तक्ता वेगळ्या रीतीने आखणे एवढेच पुरेसे आहे.